नेट गेलंय? आधी कुठवर आलंय ते बघा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "काकू, नेट चालंना झालंय, फॉरमॅट मारून द्या" असं म्हणत लोक अख्खा सीपीयू स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन येतात. मी दुकानातली वायर त्याला जोडते आणि नेट लगेच सुरू होतं. मशीन चांगलं असतं. बिघाड घरातल्या वायफायच्या डब्यात असतो, नाहीतर गल्लीतल्या खांबावर. पण फॉरमॅटच्या, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायच्या, नादात घरच्यांचे फोटो जातात, टॅलीचा डेटा जातो, मुलांचे प्रोजेक्ट जातात. ते बघून फार वाईट वाटतं, म्हणून घरच्या घरी कसं तपासायचं ते सविस्तर लिहिते.

सगळ्याचं सूत्र एकच आहे: काहीही दाबायच्या आधी नेट कुठपर्यंत येतंय आणि कुठं अडतंय ते शोधायचं. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच तोटी बदलत नाही. शेजारी विचारतो, टाकी बघतो, कॉक बघतो. इथंही तेच. खांबापासून डब्यापर्यंत एक तुकडा, डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत दुसरा, आणि कॉम्प्युटरच्या आतला तिसरा. तिन्हीपैकी कुठला अडलाय हे कळलं की पुढचं सोपं जातं.

सुरुवात मोबाइलपासून करा. घरच्या वायफायला मोबाइल जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. हे बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वायफायला नेट नसलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालू आहे. डेटा बंद ठेवून मोबाइलवर एखादी नवीन वेबसाइट उघडली, तर डब्यापर्यंत नेट येतंय, दोष कॉम्प्युटरकडं आहे. मोबाइलवरही काही उघडलं नाही तर कॉम्प्युटरला हात लावू नका, डब्याकडं चला.

एक गोष्ट इथंच सांगते. फक्त एकच साइट उघडत नसेल तर ते नेट जाणं नव्हे. दहावीच्या निकालाच्या दिवशी अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी एकाच साइटवर धडकतो, तेव्हा ती अडखळणारच. अशा वेळी दुसऱ्या दोन साइट उघडून बघा. त्या चालत असतील तर थांबा, राउटर बंद-चालू करत बसू नका.

डब्यावरचे दिवे

फायबरच्या डब्यावर पाच-सहा बारके दिवे असतात. त्यातले तीन ओळखायला शिका. पहिला पॉवर. दुसरा पॉन: हा स्थिर हिरवा असला की खांबाकडून येणारा प्रकाश डब्याला मिळतोय आणि कंपनीच्या यंत्राशी त्याची ओळख पटली आहे. तिसरा एलओएस: हा लाल पेटला किंवा लुकलुकायला लागला की प्रकाश येतच नाही. एलओएस लाल असताना कॉम्प्युटरवर काहीही केलंत तरी उपयोग नाही.

आता लाल दिवा दिसला की लगेच तक्रार करायची का? त्याआधी डब्याला लागलेली बारीक पिवळी किंवा पांढरी वायर नीट बघा. फायबर म्हणजे केसाएवढी काच. ती सोफ्याच्या पायाखाली दबली, खिळ्याला अडकून तिला काटकोनात घडी पडली किंवा कुणी गुंडाळी करून रबर बँड लावलं, की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. वायर मोकळी करा, वळणं हातभर गोल ठेवा. टोकाला हिरव्या किंवा निळ्या रंगाची चौकोनी पिन असते. ती सैल असेल तर 'टक' असा आवाज येईपर्यंत हलकेच आत ढकला. ती उगाच काढून मात्र बघू नका. काढलीच तर पांढऱ्या टोकाला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही आणि आत डोकावून बघायचं तर मुळीच नाही. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. लाइनमन तपासताना वायरमध्ये लाल लेझर सोडतो तो वेगळा. तो मात्र दिसतो, आणि जिथं काच तुटलीय तिथं वायरीच्या वेष्टनातून लाल ठिपका चमकतो. एकदा तुमच्या घरी तो असं करत असेल तर शेजारी उभं राहून बघा, फायबर कशानं तुटतं ते कायमचं लक्षात राहील.

ज्यांना डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाता येतं त्यांनी तिथं 'आरएक्स ऑप्टिकल पॉवर', म्हणजे डब्याला किती प्रकाश मिळतोय, हा आकडा बघून ठेवावा. तो उण्यात असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर चांगलं. बहुतेक घरगुती डब्यांची ताकद उणे २७-२८ च्या आसपास संपते. नेट दिवसातून चार वेळा येतंय-जातंय आणि आकडा उणे २७ आहे, तर दोष बाहेरच्या जोडात किंवा दबलेल्या वायरीत आहे. नेट चांगलं असताना हा आकडा लिहून ठेवला असेल तर लाइनमनशी बोलताना त्याचा फार उपयोग होतो.

दिवेच पेटत नसतील किंवा डबा मिनिटाला बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर अॅडॉप्टर तपासा. आपल्याकडं लाईट ये-जा करते त्यात पहिला बळी अॅडॉप्टरचा जातो. पॉवरचा दिवा पेटतो, डबा सुरू व्हायला लागतो, आणि वायफाय चालू व्हायच्या क्षणी जास्त करंट लागला की अॅडॉप्टर दम सोडतो. डब्याच्या पाठीमागं किंवा खाली किती व्होल्ट, किती अॅम्पिअर ते छापलेलं असतं. बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अॅम्पिअरचा अॅडॉप्टर घ्या. पिन बसतेय म्हणून सेट-टॉप बॉक्सचा किंवा सीसीटीव्हीचा कुठलाही लावू नका.

पॉन हिरवा, एलओएस बंद, पण 'इंटरनेट' लिहिलेला दिवा लाल किंवा विझलेला. या एका खुणेमागं बऱ्याच वेळा साधं कारण असतं: रिचार्ज संपलाय. आपल्याकडं कनेक्शन पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर असतं. प्लॅन संपल्याचा मेसेज तिकडं त्याच्या फोनवर जातो, तो कामात असतो, आणि इकडं आई-वडील दोन दिवस डबा बंद-चालू करत बसतात. मुलाला फोन करून आधी विचारा. शक्य असेल तर घरी राहणाऱ्याचा नंबर कंपनीकडं नोंदवून घ्या.

बंद-चालू करायचंच असेल तर नीट करा. स्विच बंद, अर्धा मिनिट थांबा, मग चालू. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी फायबरचा डबा, त्याचा पॉन स्थिर झाला की मग राउटर. एवढं करून दोन-तीन मिनिटं वाट बघा.

बारीक भोकातलं बटण

डब्याच्या मागं टाचणीनं दाबायचं एक बारीक भोक असतं. ते रीसेट. रीस्टार्ट आणि रीसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीस्टार्टनं काही पुसलं जात नाही. रीसेट दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की वायफायचं नाव, पासवर्ड तर जातोच, पण कंपनीनं भरून दिलेलं युजरनेम आणि पासवर्डही अनेक डब्यांत पुसला जातो. मग डब्याला कंपनीकडं लॉगिनच करता येत नाही आणि जे नेट तासाभरात आपोआप आलं असतं, त्यासाठी माणूस घरी यायची वाट बघावी लागते. यूट्यूबवर बघून पोरं हे बटण दाबतात. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, याला हात लावायचा नाही.

डबा चांगला, कॉम्प्युटरला नेट नाही

मोबाइलवर नेट आहे, कॉम्प्युटरवर नाही. वायरीनं जोडलेलं असेल तर सीपीयूच्या मागं वायर जिथं घुसते तिथला बारका दिवा बघा. तो पेटत नसेल तर वायर किंवा पोर्ट. लॅन केबलच्या पिनेवर प्लॅस्टिकची एक जीभ असते, ती मोडली की पिन दिसायला आत दिसते पण झाडू लागला तरी सैल होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत उंदरांनी कुरतडलेल्या केबलही बऱ्याच निघतात, तेव्हा माडीवर गेलेली वायर पूर्ण लांबीभर हातानं चाचपून बघा.

याच केबलचा एक दोष असा आहे की तो पटकन लक्षात येत नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. त्यातल्या चार तारांवर १०० एमबीपीएसपर्यंत काम चालतं, त्यापुढं गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त वेग १०० वर अडतो. तुमचा प्लॅन २०० चा आहे आणि स्पीड टेस्ट काहीही केलं तरी ९४-९५ च्या पुढं जात नाही, तर कंपनीशी भांडायच्या आधी केबल बदलून बघा. पोर्टच १०० चा असेल तरही हेच होतं. नवी केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा. स्वस्तातल्या केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि ती वाकवली की लवकर तुटते.

वायर ठीक असेल तर आता कॉम्प्युटरला चार प्रश्न विचारायचे. विंडोजचं बटण दाबून 'सीएमडी' टाइप करा, एंटर मारा, काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, आपण फक्त विचारणार आहोत, काही बदलणार नाही. तिथं 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) हा सलग शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. बरंच काही येईल. त्यातल्या दोनच ओळी बघा, आयपीव्ही४ अॅड्रेस, म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ता, आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे डब्याचा पत्ता. अॅड्रेस १९२.१६८ नं सुरू होत असेल तर डब्यानं कॉम्प्युटरला घरचा पत्ता दिलाय. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर डब्याकडून पत्ता मिळालाच नाही आणि विंडोजनं स्वतःच काहीतरी घेतलंय. अशा वेळी वायर काढून परत लावा, वायफाय 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा घाला, डबा रीस्टार्ट करा. बहुतेक वेळा एवढ्यानं पत्ता मिळतो.

पुढचा प्रश्न गेटवेला. पिंग म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं. 'पिंग' (ping), एक जागा, आणि गेटवेचा आकडा, समजा १९२.१६८.१.१. आकडे अर्थातच इंग्रजी कीबोर्डवरचे. चार ओळींत 'रिप्लाय फ्रॉम' आलं तर कॉम्प्युटर ते डबा हा रस्ता चांगला आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटाकडं वेळ लिहिलेला असतो. वायरीवर तो १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसायला पाहिजे. वायफायवर थोडा जास्त चालतो, पण घरातल्या घरात ३०० मिलिसेकंद लागत असतील किंवा मधेच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर दोष वायफायचा आहे, बाहेरच्या लाइनचा नाही.

तिसरा प्रश्न ८.८.८.८ ला. हा गूगलचा पत्ता आहे, आपल्या घराबाहेरचा. इथून उत्तर आलं तर नेट चालू आहे, हे पक्कं. आणि चौथा: 'पिंग', जागा, गूगल डॉट कॉम. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर डीएनएस अडलाय. आपण टाइप केलेल्या नावाचा आकडा शोधून देणारी ही यंत्रणा बंद पडली की नेट असूनही एकही साइट उघडत नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस 'मॅन्युअल' करा, पहिल्या रकान्यात ८.८.८.८ आणि दुसऱ्यात १.१.१.१ भरा. पहिली सेवा गूगलनं २००९ मध्ये सुरू केली, दुसरी क्लाउडफ्लेअरनं २०१८ मध्ये. दोन्ही फुकट आहेत. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns) असं टाइप करून एंटर मारा. जुनी साठवलेली नावं पुसली जातात.

आणि चारही प्रश्नांना उत्तर आलं, तरी ब्राउझर 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' म्हणतोय? खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो उतरला की लाईट गेल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागं जाते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरच्या मते सुरुवातीची तारीख अजून उगवलेलीच नसते, म्हणून तो साइट उघडू देत नाही. तारीख नीट केली की लगेच चालू. सेल घड्याळवाल्याकडंही मिळतो. मशीनची पिन काढून, जुना सेल कुठल्या बाजूनं बसलाय ते बघून तसाच नवा बसवा. फॉरमॅटसाठी आलेली कितीतरी मशीन मी या सेलवर परत पाठवली आहेत.

फुकटचा व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच कुणाच्या मशीनमधून फिरवून आणणारं अॅप, कुणी टाकला असेल तर तो काढा, आणि सेटिंगमध्ये तसंच काम करणारी 'प्रॉक्सी' चालू राहिली असेल तर बंद करा. लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का तेही बघा. विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी. त्यानं फाइल जात नाहीत, पण वायफायचे सगळे पासवर्ड पुन्हा घालावे लागतात.

वायफाय आणि आपल्या भिंती

पेठेतल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती इतक्या जाड असतात की सोप्यात लावलेल्या राउटरचा वायफाय स्वयंपाकघरात पोचत नाही. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असतो पण भिंतीला लवकर हरतो, २.४ चा हळू असतो पण लांब जातो. लांबच्या खोलीतलं मशीन २.४ वर जोडा. जुन्या डेस्कटॉपला लावलेले बारके यूएसबी डोंगल अनेकदा फक्त २.४ च ओळखतात, त्यामुळं यादीत ५ चं नाव दिसत नसेल तर डोंगल बिघडलाय असं समजू नका. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागं, फ्रिजशेजारी राउटर ठेवू नका. अपार्टमेंटमध्ये सगळ्यांचे राउटर एकमेकांवर आदळत असतील तर २.४ चा चॅनेल 'ऑटो' वरून १, ६ किंवा ११ पैकी एकावर ठेवून बघा. पण माझं स्पष्ट मत सांगते: टेबलावरून न हलणाऱ्या कॉम्प्युटरला वायफाय लावूच नये. एकदा केबल ओढून घ्या, ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी डोक्याला ताप राहणार नाही.

वळीव, ऊस आणि पूर

आपल्याकडचे बिघाड हंगामाप्रमाणं येतात. एप्रिल-मेमध्ये वळीव आणि विजा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण शेजारच्या बिल्डिंगवरून गच्चीवरून ओढलेली लॅन केबल तांब्याची असते आणि तिच्यातून आलेला झटका राउटर आणि मदरबोर्ड दोन्ही घेऊन जातो. आभाळ भरून आलं की अॅडॉप्टरची पिनही काढा आणि सीपीयूच्या मागची लॅन केबलही. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज कडाडायच्या आधी हे करा, कडाडायला लागल्यावर वायरीला हात लावू नका.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उंच भरलेल्या ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबल ओढून नेतात. फुलेवाडी, कसबा बावडा, उचगाव बाजूला अचानक सगळ्या गल्लीचं नेट गेलं तर बाहेर जाऊन खांबाखाली बघा. गणपतीच्या आगमनावेळी उंच मूर्तीसाठी केबल उचलतात तेव्हाही जोड निसटतो. लोंबकळणारी वायर दिसली तर स्वतः उचलून बांधू नका. त्यात विजेची तार कुठली हे लांबून ओळखता येत नाही.

आणि पंचगंगा. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात आला त्यांना काही सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. नदीकाठच्या, दुधाळी-शाहूपुरीकडच्या मंडळींनी डबा आणि बोर्ड जमिनीलगत बसवूच नये, भिंतीवर उंच बसवून घ्यावा. इशारा पातळी आली की सीपीयू माडीवर न्या. भिजलेला डबा वाळवून पुन्हा वीज देऊ नका.

तक्रार करताना

कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथं भामट्यांचे नंबर असतात. ते गोड बोलून स्क्रीन शेअरचं अॅप टाकायला लावतात आणि बँक खातं रिकामं करतात. नंबर बिलावरून, डब्यावरच्या स्टिकरवरून किंवा कंपनीच्या अॅपमधून घ्या. असा प्रकार घडलाच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा.

"नेट नाही" एवढंच सांगितलंत तर पलीकडून "रीस्टार्ट करा" एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी असं सांगा: "पॉवर चालू आहे, अॅडॉप्टर ठीक आहे, एलओएस सकाळी आठपासून लाल आहे, शेजारच्यांचंही गेलंय." किंवा: "पॉन हिरवा आहे, गेटवेला पिंग जातंय, ८.८.८.८ ला जात नाही." एवढं ऐकलं की पुढचा माणूस थेट मुद्द्यावर येतो. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा. काम न होता तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला तर त्याच नंबरवरून कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं दाद मागता येते.

लाइनमन आला की त्याला पाणी विचारा, पावसात खांबावर चढणारी ही पोरं फार कष्ट करतात. मात्र स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवून तो निघाला तर थांबवा. ज्या कॉम्प्युटरवर अडचण होती त्याच्यावर, वायर लावून, त्याच्यासमोर चारही प्रश्न विचारून बघा आणि मगच सही करा.